सगळ्यांच्या पोटावरचा वण

बालदोस्तांनो, आज एक कोडं घालते. तुमच्या प्रत्येकाच्या अंगावर जखमेचा एक वण आहे. कधी पडला-धडपडला नसाल, तरीही आहे! कुठला, ओळखा पाहू?

बरोबर, बेंबी! आईच्या पोटात असताना आपल्याला अन्न आणि प्राणवायू नाळेतून मिळतो. जन्मल्यावर नाळ कापतात. उरलेला तुकडा एक-दोन आठवड्यांत सुकून गळतो, जखम भरते आणि खूण राहते. पुढे त्या खुणेला काही कामच नसतं!

आमच्या चौथीच्या वर्गात एक मुलगा होता. जन्मतःच त्याच्या पोटाला बेंबीपाशी भोक होतं, आतडी बाहेर आली होती. लगेच ऑपरेशन केलं, म्हणून तो वाचला. पण बेंबीच्या जागी नुसता वेडावाकडा वण राहिला. सहलीत नदीवर एकदा त्याचा सदरा वर सरकला आणि कुणीतरी ओरडलं, "अरे, ह्याला बेंबीच नाही!" सगळे हसले. दुसऱ्या दिवशी तो शाळेत आला नाही.

त्या दिवशी मी वर्गाला हेच कोडं घातलं. उत्तर सापडल्यावर विचारलं, "मग तुमच्या वणात आणि त्याच्या वणात फरक तो काय?" वर्ग चिडीचूप! जो ओरडला होता, तोच संध्याकाळी त्याच्या घरी गृहपाठाची वही घेऊन गेला.

अशी बेंबी नव्यानं करता येते, बरं का! भूल देऊन सर्जन जुना वण मोकळा करतात. शेजारच्या कातडीचे छोटे पदर आत वळवून खळगा करतात आणि तो खालच्या घट्ट थराला टाके घालून बसवतात. खळगा बुजू नये म्हणून त्यात काही दिवस कापसाचा किंवा जाळीच्या कापडाचा बोळा ठेवतात. कातडी वळवून अवयव घडवण्याची ही युक्ती आपल्याकडे जुनीच. पुण्याकडे कपाळाच्या कातडीतून कापलेलं नाक पुन्हा घडवल्याची हकीकत १७९४ साली लंडनच्या मासिकात चित्रासह छापून आली होती!

पालकहो, बेंबी नसल्यानं तब्येतीला काही धोका नाही. हे ऑपरेशन मुलाच्या मनासाठी असतं. म्हणून घाई नको. मूल पोट लपवत असेल, तर आधी त्याच्याशी बोला, मग डॉक्टरांशी.

आमच्या त्या मुलालाही घरच्यांनी विचारलं. तो म्हणाला, "मोठा झालो की बघू. आत्ता कबड्डीच्या मॅचेस आहेत!"

आता तुमचं काम. तुमची नाळ कितव्या दिवशी गळली, ते आज आईला किंवा आजीला विचारा. आणि कुणाचा वण दिसला, तर हसण्याआधी आपल्या बेंबीला हात लावून बघा!

तुमची,
बाई