गोळ्यांच्या दिवशीच तपासणी

हरसूलच्या पलीकडच्या पाड्यावरची बाई एआरटीच्या गोळ्या आणायला नाशिकला निघते, तेव्हा तिचा अख्खा दिवस आणि त्या दिवसाची मजुरी जाते. गोळ्यांच्या डबीवरचं लेबल तिने केव्हाच खरवडून टाकलेलं असतं. आपण डॉक्टर तिचं वजन करतो, खोकला-ताप विचारतो, व्हायरल लोडचा कागद पाहतो आणि ‘छान चाललंय’ म्हणतो. अंगावरून पांढरं जातं का, संबंधानंतर रक्त दिसतं का, हे विचारायचं राहून जातं. टेबलावर घेऊन स्पेक्युलम लावणं तर दूरच.

सरकारने २००४ मध्ये मोफत एआरटी सुरू केली. तिच्या जोरावर तरलेल्या अनेकजणी आज चाळिशी-पन्नाशीत आहेत. क्षयाकडे आपलं लक्ष असतं, टेनोफोविर चालू असेल तर क्रिएटिनिन बघायची सवयही लागली आहे. गर्भाशयमुख मात्र कोणाच्याच खात्यात नाही. एचआयव्ही असलेल्या स्त्रीला गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका इतर स्त्रियांच्या साधारण सहापट असतो. एचपीव्ही तिच्या शरीरात तळ ठोकून राहतो. एआरटीने धोका घटतो, पण संपत नाही.

यावरचं संशोधन लांब कुठे झालेलं नाही. पुण्याच्या ‘प्रयास’मध्ये डॉ. स्मिता जोशी आणि सहकाऱ्यांनी हजाराहून अधिक एचआयव्हीबाधित स्त्रियांवर ॲसिटिक ॲसिड, आयोडीन, पॅप आणि एचपीव्ही या चाचण्या करून पाहिल्या. २०१३ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष आपल्यासारख्यांच्या सोयीचा आहे: एचपीव्ही चाचणी परवडेपर्यंत आधी ॲसिटिक ॲसिड, मग आयोडीन, हाच व्यवहार्य मार्ग. त्याआधी २००९ मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या मोठ्या अभ्यासाने दाखवलं होतं की, सर्वसाधारण स्त्रियांत एचपीव्ही चाचणीची एकच फेरीही या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आणते. ‘टाटा मेमोरियल’ने मुंबईच्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांकडून केवळ व्हीआयए, म्हणजे ॲसिटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी तपासणी, करून घेतली, तरी मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. त्या सेविका डॉक्टर नव्हत्या, हे आपण जरा लाजूनच वाचावं.

साहित्य काय लागतं? स्पेक्युलम, चांगला उजेड, कापसाचा बोळा आणि पाच टक्के ॲसिटिक ॲसिड. बोळा लावून घड्याळात एक मिनिट पूर्ण मोजायचं. घाई इथेच होते. स्क्वॅमोकॉलम्नर जंक्शनला चिकटलेला, ठळक कडांचा दाट पांढरा डाग दिसला तर चाचणी पॉझिटिव्ह. फिकट, विरळ, दूरवरचे ठिपके धरायचे नाहीत. डाग उपचारायोग्य असेल तर त्याच दिवशी थर्मल ॲब्लेशन. कर्करोगाचा संशय आला तर जाळायचं नाही, बायोप्सीला पाठवायचं. उपचार झालेल्या स्त्रीला वर्षाने परत बोलवायचं. पन्नाशीनंतर जंक्शन आत सरकतं, तेव्हा व्हीआयएच्या निगेटिव्हवर विसंबू नये. तिथे एचपीव्हीच हवी.

आणखी एक गोम. आपल्या सरकारी कार्यक्रमात ही तपासणी तिशीपासून, पाच वर्षांनी एकदा होते. एचआयव्ही असलेल्या स्त्रीसाठी जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची शिफारस पंचविशीपासून, दर तीन ते पाच वर्षांनी अशी आहे. म्हणजे शिबिराच्या यादीत नाव येण्याची वाट पाहिली तर तिची पाच वर्षं फुकट जातात. शिबिरात सगळ्यांसमोर तिचा आजार उघडा पडणार नाही, हेही पाहायला हवं; २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने ते आपल्यावर बंधनकारकच आहे.

त्र्यंबकेश्वरला आता २०२७ च्या सिंहस्थाची धांदल आहे. डॉक्टर, परिचारिका, खाटा, सगळ्याचा हिशेब गर्दी डोळ्यांपुढे ठेवून होणार, आणि ते योग्यच आहे. भीती एवढीच की, ज्या कामाची कुणी बैठक घेत नाही ते आणखी मागे पडेल. म्हणून त्र्यंबक, हरसूल, पेठ, इगतपुरीकडच्या वाचकांना विनंती: या बाईला वेगळ्या दिवशी बोलावू नका, ती येणार नाही. पुढच्या वेळी ती गोळ्यांसाठी किंवा साध्या तापासाठी समोर बसली की, शेवटची तपासणी कधी झाली ते विचारा, आणि झालीच नसेल तर त्याच दिवशी करा.