कर्जात नाव, घरात नाही

लग्नाची तारीख धरण्यासाठी धर्मग्रामाच्या कार्यालयात येणारी मंडळी सामान्यतः तीन गोष्टी विचारतात. चर्च त्या दिवशी मोकळे आहे काय, गायनवृंद मिळेल काय आणि फुलांच्या सजावटीला मर्यादा किती. गेल्या पावसाळ्यानंतर मात्र एक वरपिता चौथीच गोष्ट घेऊन आले. हातातल्या पिशवीतून त्यांनी पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर टंकलिखित केलेला, सात कलमांचा एक कागद काढला आणि म्हणाले, "फादर, मुलीची सही झाली आहे. साक्षीदार म्हणून तुमची एक मिळाली तर बरे."

विवाहानंतर आपण ज्या सदनिकेत राहणार आहोत तिच्यावर आपण कधीही हक्क सांगणार नाही, वेगळे व्हायची वेळ आली तर पोटगी मागणार नाही, अंगावरचे दागिने सोडून काही नेणार नाही, असे त्या मुलीने लिहून दिले होते. मुलगा शेजारी खाली मान घालून बसला होता. मुलगी आलीच नव्हती. आम्ही सही केली नाही हे सांगायला हा लेख नको. परंतु त्या कागदाचे पाचवे कलम आम्हांला अजून सोडत नाही. घराच्या कर्जाचा हप्ता उभयतांनी निम्मा निम्मा भरावा, असे त्यात म्हटले होते. बँकेला मुलीचा पगार दाखवला की कर्जाची रक्कम वाढते, म्हणून ती सहकर्जदार. घराच्या करारनाम्यात मात्र एकट्या मुलाचे नाव.

"दिवस वाईट आहेत, फादर. बापजाद्यांची वाडी विकून घर घेतले. उद्या पोरगी निघून गेली तर?" वरपित्यांची भीती आम्ही हसण्यावारी नेत नाही. केळीच्या बागेचे पैसे एकदाच येतात. तथापि ज्या भीतीवर हा उपाय योजला आहे ती भीती मुळात निराधार आहे, हे त्यांना कोणी वकिलाने सांगितले नव्हते. आणि आम्ही धर्मगुरूंनीही सांगितले नव्हते, हे त्याहून वाईट.

आपणां ख्रिस्ती लोकांना लागू असलेला १९२५ चा भारतीय वारसा कायदा आपल्या विसाव्या कलमात स्वच्छ सांगतो की, केवळ विवाह झाल्यामुळे कोणालाही जोडीदाराच्या मालमत्तेत हितसंबंध प्राप्त होत नाही. म्हणजे मुलाचे घर मुलाचेच राहते. लग्नाच्या दिवशी त्यातली एक वीटही सुनेच्या नावे होत नाही. मग तिच्याकडून काय लिहून घ्यायचे उरले? आधीच कुलूप असलेल्या दाराला हे दुसरे कुलूप आहे. उरली पोटगी. पत्नीच्या पोटगीचा कायदेशीर हक्क आगाऊ सोडून देणारे करार आपली न्यायालये सहसा मानीत नाहीत. १८७२ च्या करार कायद्याचे तेविसावे कलम सार्वजनिक धोरणाविरुद्धचा करार रद्दबातल ठरवते. म्हणजे या कागदाचा अर्धा भाग अनावश्यक आणि दुसरा अर्धा निरुपयोगी. त्याने एकच गोष्ट साधते. वेदीपुढे 'होय' म्हणण्याच्या पंधरा दिवस आधी एका मुलीला मान खाली घालून सही करायला लावता येते.

पाश्चात्त्य देशांत विवाहपूर्व करार सर्रास होतात, आपणच मागे का, असा युक्तिवाद आमच्याच शिकलेल्या तरुणांकडून ऐकू येतो. त्यांनी इतके दूर जाऊ नये, गोव्यापर्यंत जावे. तेथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेल्या पद्धतीनुसार, पती-पत्नींनी वेगळे काही ठरवले नसेल तर विवाहाबरोबर दोघांची मालमत्ता सामाईक होते. ज्यांना ती सामाईक नको असेल ते विवाहापूर्वी रीतसर करार करून तसे नोंदवतात. तेथे त्या कराराला अर्थ आहे, कारण कायदा आधी देतो आणि करार त्यातून काही वजा करतो. आपल्या महाराष्ट्रात कायदा काही देतच नाही. ज्या ताटात वाढलेच नाही त्यातून घास काढून घेण्याची ही घाई कशासाठी?

आणि ही टूम नवी आहे असेही नाही. याच १९२५ च्या कायद्याच्या बत्तिसाव्या कलमाला एक स्पष्टीकरण जोडलेले होते. विवाहापूर्वीच्या वैध कराराने जिला पतीच्या इस्टेटीतून वगळले असेल त्या विधवेला तिचा वारसाहिस्सा मिळू नये, असे ते स्पष्टीकरण. ते २००२ साली संसदेने काढून टाकले. शतकाच्या तीन चतुर्थांशाहून अधिक काळ आमच्या विधवांच्या डोक्यावर ही तलवार कायद्यात टांगलेली होती, आणि ती उतरवली गेली तेव्हा आमच्यापैकी फार थोड्यांना तिची वार्ता होती. आता तीच तलवार घरोघरी टंकलिखित होऊन येत आहे.

आमच्या मुलींच्या आयुष्यात दोन कागद येतात, हे या निमित्ताने बोलून टाकू. पहिला माहेरी. ख्रिस्ती वारसा कायद्यात मुलगा व मुलगी यांचा वाटा समान आहे. तरीही वडील गेले, सातबाऱ्यावर नावे चढवायची वेळ आली की बहिणींना तालुक्याला नेऊन हक्कसोड लिहून घेतली जाते, आणि दुपारी भावाकडे जेवण असते. दुसरा कागद आता सासरी येऊ लागला आहे. दोन्ही कागदांवर सही तिचीच आणि दोन्हींत सोडून देणारीही तीच. ज्यांनी आपल्या बहिणीची हक्कसोड घेतली तेच आपल्या मुलीच्या सासरच्या कागदाने व्यथित होऊन आमच्याकडे येतात, तेव्हा आम्हांला काय बोलावे ते कळत नाही.

"फादर, प्रेम असेल तर कागद कशाला?" असे म्हणणारी भाविक मंडळीही आहेत, आणि त्यांच्याशीही आमचे पटत नाही. पवित्र शास्त्रात तोबितचा ग्रंथ आहे. सारेचा हात तोबियाच्या हाती देताना तिचा पिता रगुएल लिहिण्याचे साहित्य मागवून विवाहाचा करार लिहितो. पण हा पिता मुलीकडून काढून घेण्यासाठी लिहीत नाही. आपल्या मालमत्तेचा अर्धा भाग तो जावयाला तेथेच देतो. उत्पत्तीच्या तेविसाव्या अध्यायात आब्राहाम चारशे शेकेल रुपे मोजून, साक्षीदारांसमोर, मखपेलाची गुहा विकत घेतो. शास्त्रातील ही पहिली मोठी जमीनखरेदी पत्नीला पुरण्यासाठी झाली. आमच्याकडेही पुष्कळ स्त्रियांना जागा मिळते ती कबरस्तानातच.

आपल्या भाषेने एक गंमत केली आहे. बिल्डरशी होतो तोही करार आणि परमेश्वराने आपल्या प्रजेशी केला तोही करार; जुना आणि नवा. १९८३ च्या धर्मसंहितेने विवाहाला याच दुसऱ्या अर्थाने करार म्हटले आहे, साऱ्या आयुष्याची भागीदारी. त्याच संहितेचे ११०२ वे कलम सांगते की, भविष्यातील अटीवर केलेला विवाह वैधच होत नाही. मालमत्तेविषयीचा प्रत्येक कागद म्हणजे अशी अट नव्हे, हे आम्ही जाणतो. परंतु जो मनातल्या मनात परतीचे दार उघडे ठेवून, विवाहाचे कायमपण बुद्ध्या वगळून 'होय' म्हणतो, त्याची संमती ११०१ व्या कलमाने पोकळ ठरते. आणि पुढेमागे प्रकरण धर्मप्रांताच्या न्यायासनापुढे गेलेच तर असला मुद्रांक तेथे पुरावा म्हणून ठेवला जाईल. म्हणून आम्ही त्या मुलाला एकट्याला आत घेऊन एकच प्रश्न विचारला: हा कागद तुझा की बाबांचा? त्याने उत्तर दिले नाही.

विवाहापूर्वीचा सारा लेखनव्यवहार आम्ही त्याज्य मानीत नाही. पहिल्या विवाहाची मुले असलेला विधुर पुन्हा विवाह करतो तेव्हा आईच्या मागे त्या मुलांचे काय, हे लिहून ठेवणे त्याचे कर्तव्यच आहे. अशांनी एक गोष्ट अवश्य ध्यानात घ्यावी. वारसा कायद्याच्या एकोणसत्तराव्या कलमान्वये आपले पूर्वीचे मृत्युपत्र विवाहाने आपोआप रद्द होते. मुलांच्या नावे करून ठेवले आहे म्हणून निश्चिंत राहिलेला माणूस लग्नाच्या संध्याकाळी मृत्युपत्राविना असतो. त्याने नवे करावे, आणि ते नव्या पत्नीला दाखवून करावे.

तरुण जोडप्यांचा प्रश्न निराळा. त्यांना करार हवाच असेल तर तो दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नोंदवला जाणारा, घराचा, दोन नावांचा करावा. वाडीच्या पैशांची चिंता असणाऱ्या वरपित्यांना आम्ही कागदावर आकडे मांडून दाखवले. घर साठ लाखांचे. छत्तीस लाख वाडीचे, चोवीस लाख कर्जाचे, ते दोघे निम्मे निम्मे फेडणार. म्हणजे मुलीचे बारा लाख, घराचा पाचवा हिस्सा. उरलेले चार हिस्से मुलाचे. हे प्रमाण करारनाम्यात लिहिता येते. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे पंचेचाळिसावे कलम हेच सांगते: ज्याने जितके घातले तितका त्याचा हिस्सा, आणि पुरावाच नसेल तर समान मानावा. हप्त्याची पावती एकाच्या खात्यातून आणि किराणा, दूध, मुलांची फी दुसऱ्याच्या खात्यातून, ही सवय म्हणूनच घातक आहे; दहा वर्षांनी एकीकडे घर उभे असते आणि दुसरीकडे दुधाची बिले. स्वयंपाक व बाळंतपणे तर कोणत्याच खात्यात येत नाहीत. आमच्या मते निम्मे निम्मेच न्याय्य. पण निदान पाचवा हिस्सा तरी!

दुसरी बाजू मरणाची आहे, आणि ती आम्ही जास्त वेळा पाहिली आहे. घर एकट्या मुलाच्या नावावर, मृत्युपत्र नाही, मूलबाळ नाही, आणि तो महामार्गावर अपघातात गेला. विधवेला अर्धे, उरलेले अर्धे हयात असलेल्या सासऱ्यांना. (मुलाच्या आईला, वडील जिवंत असताना, काहीच नाही, हे किती सासूबाईंना ठाऊक आहे?) मुले असतील तर विधवेचा तिसरा हिस्सा. हप्ता मात्र बँक सहकर्जदार म्हणून तिच्याकडूनच पुरा मागणार. सोसायटीत नामनिर्देशन केले आहे म्हणून कोणी निर्धास्त राहू नये. त्याने वारसांचे हक्क बुडत नाहीत.

महाराष्ट्र शासनाने एप्रिल २०२१ पासून केवळ स्त्रियांच्या नावे घेतलेल्या घराला मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत दिली. तेव्हापासून काही घरे पत्नीच्या एकटीच्या नावे होऊ लागली आहेत. एक टक्क्यासाठी जो विश्वास बसतो तो विवाहसंस्काराने बसू नये, याचे आम्हांला नवल वाटते.

आता आमचा स्वतःचा दोष. आमच्या विवाहपूर्व शिबिरात डॉक्टर बोलतात, समुपदेशक बोलतात, आम्ही स्वतः विवाहसंस्कारावर दीड तास बोलतो. घर कोणाच्या नावावर असावे यावर आजवर एक अक्षर निघाले नाही. शेकडो नव्या घरांवर आम्ही पवित्र पाणी शिंपडले, केक खाल्ला, आणि दारावरच्या पाटीपलीकडे कधी चौकशी केली नाही. पुढच्या शिबिरापासून वकिलांसाठी एक तास राखून ठेवला आहे. गायनाचा सराव त्यामुळे उशिरा संपेल, त्याची तक्रार आतापासूनच आली आहे.

त्या कागदाचे काय झाले, हे वाचक विचारतीलच. वरपिता त्या रविवारपासून आमच्या मिस्सेला येत नाहीत, पहाटेच्या मिस्सेला जातात. मुलाचा मात्र महिन्याभराने दूरध्वनी आला. घराची नोंदणी लग्नानंतरवर ढकलली होती. करारनाम्यात तिचे आडनाव माहेरचे लिहावे की आपले, एवढेच त्याला विचारायचे होते. आधार कार्डावर असेल ते लिही, असे आम्ही सांगितले.