दिवा नका बघू, मला बघा

वयाच्या चोपन्नाव्या वर्षी मी कार शिकते आहे. क्लच-गिअरशी बऱ्यापैकी जमलंय, पण मागच्या मंगळवारी कोल्हापुरात दाभोळकर कॉर्नरला भर चौकात शोभा झाली. सिग्नल लाल. गाडी पहिल्याच रांगेत, पुढे-मागे ठसठशीत लाल ‘एल’. मी शहाण्यासारखी थांबलेली, आणि मधे उभा हवालदार मला हाताने पुढे बोलावतोय.

शेजारी बसलेला शिकवणारा पोरगा म्हणाला, ‘काकू, घ्या की पुढं! साहेब हात करायलेत.’

‘अरे, लाल आहे ना!’

मागे ॲम्ब्युलन्सचा सायरन. घाईत क्लच सोडला, गाडी गचका देऊन बंद. हवालदार आला, बॉनेटवर थाप मारून म्हणाला, ‘बाई, दिवा नका बघू, मला बघा.’ ओरडला नाही, हे त्याचं मोठेपण.

चूक माझीच होती. वाहतूक सांभाळणाऱ्या पोलिसाने दिलेली प्रत्येक सूचना चालकाने पाळायची, असं 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं कलम 119 सांगतं. दिव्याला ॲम्ब्युलन्स दिसत नाही, माणसाला दिसते.

पण हे मला शिकवलं कोणी? क्लासमध्ये हाफ क्लच झाला, चढावर गाडी धरणं झालं, रिव्हर्स झाला. पोलिसाच्या हाताचं नावही कुणी काढलं नाही. पाठमोऱ्या पोलिसाने डावा हात आडवा धरला की मागून येणाऱ्यांनी थांबायचं, हे मला त्या संध्याकाळी पुस्तकातल्या तक्त्यावरून कळलं. (हवालदारांनाही एक विनंती: माशा हाकलल्यासारखं मनगट हलवू नका, हात खांद्यापासून उचला. ‘या’ म्हणताय की ‘थांबा’, नवख्याला कळत नाही हो.)

गंमत म्हणजे पक्क्या लायसन्सच्या टेस्टमध्ये काय काय पाहायचं, याची यादी 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत आहे आणि पोलिसाच्या इशाऱ्याप्रमाणे अचूक, तत्पर वागणं त्यातच आहे. पण रिकाम्या ट्रॅकवर पोलीसच नसेल, तर ते तपासणार कसं?

आरटीओने ट्रॅकवर गणवेशातला एक माणूस उभा करावा, चार इशारे द्यायला लावावेत, चुकेल त्याला सरळ नापास करावं. माझी टेस्ट पुढच्या महिन्यात आहे. सुरुवात माझ्यापासून केली तरी चालेल.