खोरे कुणाचे?

नाशिकच्या द्वारका चौकात मुंबई-आग्रा आणि नाशिक-पुणे हे दोन हमरस्ते मिळतात. द्राक्षे, कांदा आणि भाजीपाल्याने भरलेल्या मालमोटारी तेथून अहोरात्र धावत असतात. या समृद्धीला पाणी पुरविणारे सह्याद्रीचे डोंगर पश्चिमेस फार दूर नाहीत. मात्र त्या डोंगरांतील माणूस शहराच्या हिशेबात क्वचितच येतो.

गोदावरी, दारणा आणि वैतरणा या नद्या त्र्यंबक-इगतपुरीच्या डोंगरांत उगम पावतात. खोऱ्यांत भाताची आवणी, उतारावर नागली, वरई आणि खुरासणी, यांभोवती महादेव कोळी, ठाकर, कातकरी यांच्या पाड्यांचे जीवन फिरते. दिवाळीनंतर पोटासाठी हीच कुटुंबे निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत मजुरीला जातात. दारणा धरण १९१६ साली परकीय अमदानीत उभे राहिले, ते खालच्या अंगाच्या कालव्यांसाठी. स्वराज्यात, १९७३ साली, ऊर्ध्व वैतरणा झाले. त्याचे पाणी मुंबईची तहान भागविते. इगतपुरीत वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो; तरी उन्हाळ्यात कित्येक पाड्यांवरील स्त्रियांना हंडाभर पाण्यासाठी दरी उतरावी लागते. ‘धरण उशाला, कोरड घशाला’ ही अवस्था निसर्गाच्या कोपाने आलेली नसून नियोजनाने आणलेली आहे.

स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातील स्ट्रॅथनेव्हर खोऱ्याचा इतिहास येथे बोलका ठरतो. १८१४ आणि १८१९ साली मेंढ्यांच्या कुरणांसाठी तेथील कुळांना हुसकावण्यात आले, घरे जाळण्यात आली. आज प्रवासी ज्या निर्जनतेला सृष्टिसौंदर्य म्हणतात, ती जमीनदारीने घडविलेली आहे. मात्र तेथील कष्टकरी गप्प बसले नाहीत. त्यांच्या लढ्यातून १८८६ साली कुळांना संरक्षण देणारा कायदा झाला आणि १९९३ साली असिंट येथील शेतकऱ्यांनी वर्गणी जमवून जमीनच विकत घेतली.

इगतपुरीच्या दऱ्यांतही धनिकांचे बंगले आणि विश्रामस्थाने वाढत आहेत. अशा वेळी मुंबईने पाणी पिऊ नये काय, असा प्रश्न विचारला जाईल. मुंबईच्या चाळीतील कामगारालाही तहान आहेच. त्याचे आणि आदिवासीचे वैर नाही. वैर आहे ते उगमाकडच्या माणसाला शेवटचा वाटा देणाऱ्या व्यवस्थेशी.

मार्च २०१८ मध्ये नाशिकहून हजारो शेतकरी व आदिवासी पायी मुंबईला गेले. २००६ च्या वनाधिकार कायद्याची अंमलबजावणी ही त्यांची एक प्रमुख मागणी होती. मार्च २०२३ मध्ये दिंडोरीहून पुन्हा मोर्चा निघाला. आश्वासनांवर विसंबणे किती व्यर्थ, याचा याहून वेगळा पुरावा कशाला? म्हणून कार्यकर्त्यांनी पाड्यापाड्यावर ग्रामसभा जागविल्या पाहिजेत, सामूहिक वनहक्कांचे दावे भरून घेतले पाहिजेत आणि धरणाच्या पाण्यातील पहिला हंडा धरणाकाठच्या गावाचा, ही मागणी शहरातील कामगारांच्या सभांतूनही मांडली पाहिजे. खोरे राखतो त्याचे खोरे, हाच समाजवादाचा न्याय आहे.