दक्षिण क्षितिजावरील छोटा मेघ

दीर्घिकांचे वर्ग शिकविताना सर्पिल व लंबवर्तुळाकार दीर्घिकांस पानेच्या पाने मिळतात. अनियमित दीर्घिकेची बोळवण एका ओळीत होते. हा अन्याय आहे, आणि म्हैसूरच्या शाळांनी तरी तो करू नये असे आम्हांस वाटते. कारण छोटा मॅगेलनी मेघ त्यांच्या आकाशात येतो. मुंबई-पुण्यास तो क्षितिजावर येत नाही. म्हैसुरास मात्र डिसेंबरच्या आरंभी, रात्री साडेआठच्या सुमारास, अग्रनद ताऱ्याच्या बऱ्याच खाली, क्षितिजापासून सुमारे ५ अंशांवर असतो.

सुमारे २ लक्ष प्रकाशवर्षे दूर असलेल्या या दीर्घिकेस रेखीव भुजा नाहीत. हायड्रोजन वायू विपुल, जड मूलद्रव्ये सूर्याच्या मानाने थोडी. परंतु विश्वाची मोजपट्टी याच विस्कटलेल्या ठिगळात सापडली! तेथील सर्व तारे आपल्यापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर. म्हणून १९१२ साली हेन्रिएटा लेव्हिट यांना तेथील २५ रूपविकारी ताऱ्यांची परस्परांशी तुलना करता आली. तारा जितका तेजस्वी, तितका त्याचा आवर्तकाल दीर्घ, असे दिसून आले. पुढे याच नियमाने हबल यांनी देवयानी दीर्घिकेचे अंतर काढले.

इतक्या खाली असलेला मेघ दिसणे सोपे नव्हे. धूळ व नगरातील दिवे त्यास सहज पुसून टाकतात. म्हणून मुलांना चंद्र नसलेल्या रात्री शहराच्या दक्षिणेस, दिव्यांपलीकडे न्यावे. दुर्बीण बरोबर असावी. मेघ न दिसला तरी अग्रनद दिसेल, आणि मेघाची जागा बोटाने दाखविता येईल.