जिताडा नाही, भरतीची वेळ विका

पेण-रोह्याच्या मित्रांनो, धरमतर किंवा कुंडलिकेच्या खाडीत हौशी गळवाल्यांना होडीतून न्यायचा धंदा करायचाय? जरूर करा. पण "जिताडा मिळेलच" सांगून बुकिंग घेऊ नका, मासा आपल्या हातात नसतो. भरती मात्र आधीच कळते. ती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, म्हणून "दर रविवारी सकाळी ७" असं पोस्टर छापू नका!

पिसांची खोटी माशी लावून गळ फेकणाऱ्याला मागेही मोकळी जागा लागते. छोट्या होडीत दोघंच घ्या, आणि भाव माणशी नको, होडीचा सांगा. डिझेल एकासाठीही तेवढंच जळतं.

मासेमारीच्या परवान्यावर प्रवासी बसवायचे नाहीत. त्यासाठी मेरीटाईम बोर्डाकडे जा. लाईफ जॅकेट माणशी एक, आणि हे सगळं इन्स्टाग्रामच्या आधी.