संततधार की सरींवर सरी?



आम्ही हैदराबादची मराठी कुटुंबे. मुले इंग्रजी शाळांत शिकतात. परवा त्यांच्या गृहपाठात दोन शब्द आले. कंटिन्युअस म्हणजे खंड न पडता चाललेले, कंटिन्युअल म्हणजे थांबून पुन्हा पुन्हा होणारे. आपण पावसाला म्हणतोच की, संततधार आणि सरींवर सरी!

त्याच आठवड्यात आमच्या साखळी प्रार्थनेत रात्री दोन ते तीनची वेळ घेतलेल्या भगिनीला झोप लागली. घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, दिवसभर त्यांची सेवा. “साखळी तुटली,” असे आम्हीच बोललो. ती पुढच्या सभेला आली नाही.

आमचे चुकले. थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्राच्या ५ व्या अध्यायात पौल निरंतर प्रार्थनेस सांगतो खरा. पण २ ऱ्या अध्यायात तोच रात्रंदिवस केलेले कष्टही आठवतो. तंबू करणारा माणूस तो. आमच्या मते त्याची प्रार्थनाही कंटिन्युअलच असणार, सरींवर सरी. सासूबाईंची कूस बदलताना त्या भगिनीच्या तोंडी प्रभूचे नाव येते, ते आम्ही कधी तक्त्यात लिहिले?

येत्या रविवारी उपासनेनंतर क्षमा मागायला तिच्या घरी जात आहोत. दोन ते तीनच्या रकान्यात तिचे नाव तसेच आहे.